श्वेतप्रदर आणि ट्रायकोमोनास : पतीच्या चिकित्सेचा प्रश्न

'अंगावरून पांढरे जाते' ही तक्रार आपल्या चिकित्सालयांत नित्याचीच. परंतु श्वेतप्रदर हे लक्षण आहे, निदान नव्हे. स्राव फेसाळ, पिवळसर-हिरवट व दुर्गंधीयुक्त असून सोबत कंडू आणि मूत्रदाह असल्यास ट्रायकोमोनास व्हजायनालिस या एकपेशीय परजीवीचा संशय घ्यावा. १८३६ साली पॅरिस येथे दोने यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. चरकोक्त अचरणा योनिव्यापदेत जंतू व कंडू यांचा निर्देश आहे. तथापि तेथे हेतू अधावन सांगितला असून हा रोग मैथुनातून संक्रमित होतो. दोन्ही एकच मानण्याचा मोह टाळावा. स्रावाचा ओला नमुना तत्काळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा; विलंब झाल्यास परजीवीची हालचाल थांबते व तो ओळखू येत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. बहुतेक पुरुषांत लक्षणे नसतात. पती औषध घेत नाही आणि बरी झालेली पत्नी पुन्हा बाधित होते. योनिधावन वा पिचुधारणाने कंडू शमेल, पण मूत्रमार्गातील परजीवी तसाच राहतो. मेट्रोनिडाझोल पोटातूनच द्यावे लागते : स्त्रीस ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा ७ दिवस, पुरुषास २ ग्रॅम एकदाच. आपणास अधिकार नसल्यास दोघांनाही तज्ज्ञाकडे पाठवावे. उभयतांची चिकित्सा पूर्ण होऊन लक्षणे जाईपर्यंत मैथुन वर्ज्य. पुढे निरोध वापरावा. ३ महिन्यांनी स्त्रीची पुनर्तपासणी करावी.

पतीस बोलावताना शब्द जपून वापरावेत. हा संसर्ग लक्षणांविना दीर्घकाळ राहू शकतो. तो केव्हा व कोणाकडून आला, हे तपासणीवरून ठरत नाही, हे दोघांसमोर स्पष्ट सांगावे.