बाकावरच्या मुलींचं काय?

टीम जाहीर झाली की मतं फुकट वाटली जातात. एसटीत, भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या मांडवात आणि हल्ली मोबाइलच्या ग्रुपवरसुद्धा. ‘हिला का घेतलं?’, ‘तिला का वगळलं?’, ‘एवढे पैसे हिच्यावर कशाला?’ क्रिकेटच्या बाबतीत तर आपल्याकडे घराघरात एकेक निवड समिती बसलेली असते. पण मैत्रिणींनो, अलीकडे आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या भिशीत हॉकीची टीमही चर्चेला येते, आणि तीही मुलींची! ‘बायकांना त्यातलं काय कळतं?’ असं घरातली पुरुषमंडळी म्हणतात. म्हणू देत बापडे. ठरलेल्या पैशात चोवीस जणांचं कसं भागवायचं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज आहे का?

लिलाव म्हणजे तरी दुसरं काय असतं? २०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत खेळाडूंचा लिलाव झाला. या वेळी पहिल्यांदाच मुलींची स्वतंत्र लीग होणार होती. संघ चार. प्रत्येक संघाच्या पदरात दोन कोटी रुपये. त्यात चोवीस जणी घ्यायच्या. किमान सोळा भारतीय, त्यातल्या चार ज्युनियर, आणि आठ परदेशी. पुरुषांच्या संघांना मात्र खर्चायला चार कोटी होते. म्हणजे मुलींना बरोब्बर निम्मे. पुरुषांमध्ये हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, तर मुलींमध्ये सगळ्यात महाग ठरलेल्या उदिता दुहानला ३२ लाख. हा फरक वाचून आमच्या भिशीत पाच मिनिटं कोणी दुसरा विषय काढला नाही!

पण खरी गंमत पुढे आहे. आता जरा हिशेब करू. दोन कोटींतले ३२ लाख एकीवर गेले, की उरले एक कोटी ६८ लाख. त्यात तेवीस जणी घ्यायच्या. सरासरी प्रत्येकीच्या वाट्याला सव्वासात लाखांच्या आसपास. महिन्याच्या पगारातून आधी घराचा हप्ता भरला, की मग किराण्याला हात आखडता घ्यावा लागतो ना, अगदी तसंच. म्हणून टीम करणाऱ्याची परीक्षा महागड्या नावात नसते. उरलेल्या पैशात त्याने कोणाकोणाला हेरलं, यात असते.

आमच्यातल्या एक निवृत्त बाई हॉकीच्या भारी शौकीन. त्यांचं मत असं की, परदेशी मुलींवर पैसे घालवायचेच कशाला? नेदरलँड्सच्या यिबी यान्सनला ओडिशा वॉरियर्सने २९ लाख दिले, ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं. दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, ‘अहो बाई, ती पॅरिस ऑलिम्पिकचं सोनं जिंकून आलेली मुलगी. पेनल्टी कॉर्नर कसा मारायचा ते आपल्या पोरी तिच्याकडून रोज सरावात बघतील, ते काय कमी आहे?’ दोघींचंही खरं. लालरेमसियामी, सुनेलिता टोप्पो, संगीता कुमारी अशी बाकीची महागडी नावंही चघळून झाली. पण यादीच्या खालच्या नावांवर कोणी बोलत नव्हतं. आपल्याकडे बोललंच जात नाही.

मग आली २६ जानेवारी २०२५. रांचीला अंतिम सामना. एका बाजूला ओडिशा वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला सूरमा हॉकी क्लब. सूरमाकडे भारताची कर्णधार सलीमा टेटे, गोलात अनुभवी सविता. ओडिशाने पहिला गोल केला, सूरमाच्या पेनी स्क्विबने बरोबरी साधली. एक-एक. घड्याळ पुढे सरकतंय, आता निकाल काय लागतोय या काळजीत सगळे. सामना संपायला चार-पाच मिनिटं राहिली असताना ओडिशाचा दुसरा गोल झाला आणि मुलींच्या लीगचं पहिलंवहिलं विजेतेपद त्यांना मिळालं. हे दोन्ही गोल कोणाचे? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या ऋतुजा पिसाळचे! लिलावाच्या पहिल्या पाच महागड्या नावांत ती कुठेही नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनला झालेल्या आशिया कपसाठी भारताच्या संघात तिचं नाव होतं.

आता काही जणी म्हणतील, ‘एखादीचं नशीब फळफळलं, त्यात काय एवढं?’ नशिबाचा भाग असेलही. पण हॉकीत बाकावर बसणं म्हणजे काय असतं, ते आधी समजून घेतलं पाहिजे. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू पाणी घेऊन येतो. बदली म्हणून क्षेत्ररक्षणाला उतरतो, पण साधारणपणे त्याला ना बॅट मिळते, ना बॉल. हॉकीचं तसं नाही. मैदानात अकरा जणी असतात, पण बाहेर बसलेली कितीही वेळा आत जाऊ शकते आणि आतली कितीही वेळा बाहेर येऊ शकते. एखादी आघाडीची मुलगी काही मिनिटं जीव तोडून धावते, दमली की बाहेर येते, दम घेते आणि पुन्हा आत जाते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांत हे सतत चालू असतं.

आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठवा. एक वरण घेऊन निघते, तेवढ्यात दुसरी पोळ्यांचं ताट घेऊन तयार असते. पहिली क्षणभर टेकली म्हणून ती काय कामाची नाही, असं कोणी म्हणतं का? उलट मागे कोणी तयार नसलं की पंगत खोळंबते. हॉकीच्या संघाचंही तेच. शेवटच्या डावात कोणती टीम पळू शकते, हे बाकावर कोण बसलंय त्यावर ठरतं.

पुरुषांच्या संघातलं एक उदाहरण तर सगळ्या पालकांना सांगण्यासारखं आहे. टोकियो ऑलिम्पिकला सिमरनजीत सिंग मूळच्या सोळा जणांत नव्हता. तो राखीव होता. कोरोनामुळे त्या वेळी नियम सैल झाला आणि राखीव खेळाडूंनाही सामन्यात उतरवायची परवानगी मिळाली. ५ ऑगस्ट २०२१ ला कांस्यपदकासाठी जर्मनीशी गाठ पडली. आपण एक-तीन असे मागे होतो. शेवटी पाच-चार जिंकलो आणि ४१ वर्षांनी हॉकीत ऑलिम्पिक पदक आलं. त्या पाचातले दोन गोल सिमरनजीतचे. राखीव मुलाचे!

बरं, बाकावर नेमकं कोण बसवायचं, यावरही चाहत्यांची भांडणं असतातच. टोकियोला आपल्या मुली चौथ्या आल्या. पदक हुकलं, पण साऱ्या देशाने त्यांना डोक्यावर घेतलं. त्या संघाची कर्णधार राणी रामपाल. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवणारा एकमेव गोल गुरजित कौरचा. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रांचीला ऑलिम्पिकची पात्रता फेरी झाली, तेव्हा या दोघीही संघात नव्हत्या. शेवटच्या सामन्यात जपानने एक गोल केला, आपल्याला एकही करता आला नाही आणि पॅरिसचं तिकीट गेलं. मग काय विचारता! ‘राणीला घ्यायला हवं होतं’, ‘गुरजित असती तर कॉर्नरवर गोल झालाच असता’ असं जिकडेतिकडे सुरू झालं. तर ‘किती दिवस त्याच त्या? नव्या पोरींनी कधी शिकायचं?’ असं म्हणणाऱ्याही होत्या.

मला विचाराल तर हा जुन्या-नव्याचा वाद आपण उगाच घालतो. घरात सासूबाई आजारी पडल्या तर पुरणाचा घाट घालायला दुसरं कोणी शिकलेलं असावं लागतं, आणि ते सासूबाई धडधाकट असतानाच शिकावं लागतं. पेनल्टी कॉर्नर मारणारी मुलगी संघात एकच असेल आणि ती नसली की सगळ्यांनी एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं, तर तो दोष कोणा एकीचा नसतो. तिच्यामागची दुसरी आणि तिसरी आधीच तयार करायची असते. आपण मत देताना हे विचारत नाही.

दुसरी गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची. जुन्या वाचकांना आपल्या खडकीच्या धनराज पिल्लेचं प्रकरण आठवत असेल. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला ३२ वर्षांनी सोनं मिळालं, धनराज कर्णधार. आणि त्यानंतर लगेच तो आणि त्याचे काही सहकारी संघाबाहेर! कारण दिलं गेलं विश्रांतीचं. लोक चिडले ते त्यामुळेच. खेळाडूला वगळावं लागतं, ते कोणाला चुकत नाही. पण तोंडावर खरं कारण सांगितलं तर माणूस उभा राहतो. राणीने २४ ऑक्टोबर २०२४ ला निवृत्ती जाहीर केली आणि मुलींच्या पहिल्या लीगमध्ये ती सूरमा संघाची मार्गदर्शक म्हणून मैदानाशेजारी उभी राहिली.

आता आपल्या महाराष्ट्राचं बघू. जानेवारी २०२५ च्या मुलींच्या चार संघांत आपला एकही नव्हता. पुरुषांच्या आठांतही नव्हता. पूर्वी होते. २००५ च्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्स होता, धनराज त्यातच खेळला. हॉकी इंडिया लीगच्या २०१३ आणि २०१४ या दोन मोसमांत मुंबई मॅजिशियन्स होता. मग तोही गेला. त्यामुळे आपल्या मुली खेळतात दुसऱ्या राज्यांच्या नावाने. लीगमधला खेळाडू आज या संघात, उद्या त्या संघात. चाहत्याने जीव लावायचा कोणावर? आमच्या भिशीत यावर एकमताने निकाल झाला. लेक ज्या घरी दिली, ते घर आपलं! ऋतुजा ओडिशाकडून खेळली म्हणून त्या दिवशी आम्ही सगळ्या ओडिशाच्या झालो. उद्या तिने संघ बदलला तर आमचाही बदलेल.

आणि अशा लेकी आपल्याकडे कमी नाहीत. १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या मुलींची कर्णधार एलिझा नेल्सन ही पुण्याची. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळेला २०२२ मध्ये भारताच्या सीनियर संघातून खेळायला मिळालं. त्याच तालुक्यातली वैष्णवी फाळके २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होती आणि रांचीच्या त्या पात्रता फेरीतही खेळली. ही खेड्यातली, शेतकऱ्यांच्या वस्तीतली मुलं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत अक्षता आणि वैष्णवी घडल्या.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या बचत गटातल्या एक ताई. त्यांची मुलगी आठवीत. शाळेच्या संघात आहे, पण पहिल्या अकरात नाही. दोन स्पर्धा झाल्या, मुलगी बाहेरगावी जाऊन आली. घरात सुरू झालं, ‘नुसती बसूनच राहायलीय की हो ताई. बुटाचा खर्च, प्रवासाचा खर्च, अभ्यास बुडतोय तो वेगळाच. तिचे बाबा म्हणतात, बास झालं आता.’ मी त्यांना एकच म्हटलं, बंद करायच्या आधी सरांना जाऊन तीन गोष्टी विचारा. मुलीला कोणत्या जागेसाठी तयार करताय? प्रत्येक सामन्यात तिला किती वेळ आत पाठवता? आणि तिच्यात काय कमी आहे, ते तिला सांगितलंय का?

त्या गेल्या. सर आधी गडबडले. आईने येऊन असं विचारणं त्यांना नवीन असावं. मग म्हणाले, मुलगी बचावात चांगली आहे, पण धावायला कमी पडते. दम वाढवला तर पुढच्या स्पर्धेत नक्की उतरवेन. हे मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं! आता ती रोज पहाटे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात धावायला जाते, आई सोबत चालते. ती पहिल्या अकरात येईल की नाही, मला माहीत नाही. पण घरातला ‘बास झालं’ हा शब्द तूर्त मागे पडलाय.

मुलगा बाकावर बसला तर ‘येईल नंबर’ असं म्हणून घरचे थांबतात. मुलगी बसली की मात्र खर्चाचा हिशेब निघतो. हा हिशेब आपणच मांडतो आणि आपणच पुसू शकतो. तेव्हा मैत्रिणींनो, मतं जरूर द्या. राणीसाठी भांडा, कोणाला महाग घेतलं म्हणून नाकं मुरडा. फक्त पुढच्या वेळी मुलींची टीम जाहीर झाली की पेपरातली यादी शेवटच्या नावापर्यंत वाचा. आणि तुमच्या गल्लीतली एखादी पोर हातात स्टिक घेऊन मैदानाकडे निघालेली दिसली, तर ‘पहिल्या अकरात आहेस का?’ एवढंच विचारू नका. ‘आज किती धावलीस?’ असंही विचारा.