एकवेळच्या जेवणावर धावलेली कर्णधार

१८८४ साली विम्बल्डनला बायकांची स्पर्धा पहिल्यांदा भरली, तेव्हा उतरल्या अवघ्या १३ जणी. मॉड वॉटसननं अंतिम सामन्यात थोरल्या बहिणीला हरवलं आणि बक्षिसाची चांदीची फुलपरडी घरी नेली. पायघोळ झग्यात धावून जिंकणं सोपं नव्हतंच. पण वडील पाद्री, घर खाऊनपिऊन सुखी.

आपल्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेकडे तेवढंही नव्हतं. वडील अपंग, घर आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं एकवेळच्या जेवणावर काढली, हे तिनंच सांगितलंय. शिबिराला किंवा स्पर्धेला गेली, तरच ताटात काही वेगळं पडायचं.

आता हा खेळ कसला, ते बघा. आठ जणी आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. तिला मागं फिरता येत नाही, बसलेल्या दोघींच्या मधून जाता येत नाही. पळणारीला मात्र दोन्ही मुभा. म्हणून ती हुलकावणी देत मधूनच सटकते. तेवढ्यात बसलेल्या एकीच्या पाठीवर थाप, ‘खो!’, आणि ताज्या दमाची दुसरी अंगावर येते. खुंटापाशी तर पाठलाग करणारी एका हातानं खुंट धरून सबंध अंग झोकून देते. अशा माऱ्यात दोन-अडीच मिनिटं टिकायचं म्हणजे छाती फुटायची वेळ. सारिका हे अर्धपोटी करत होती.

एकदा तर पैशाच्या ओढाताणीपायी तिनं खेळ सोडायचंच ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, ती परतली. माझ्या मते ते समजावणं कुठल्याही पदकाइतकंच मोलाचं.

२०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. पुढं जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोला दोन खुंट आणि चुन्याच्या रेघा पुरतात, म्हणून तो गरिबाच्या लेकीला खेळता येतो. पण खेळणारीला जेवण लागतं. तुमच्या गावच्या मैदानावर मुली सरावाला येत असतील, तर एकदा जाऊन विचारा: सराव सुटल्यावर त्या काय खातात?