चित्रे राहिली, कथेचे काय?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथी परंपरेतील जुनी चित्रे जतन करून ठेवलेली आहेत. टपोऱ्या डोळ्यांचे वीर, समोरासमोर ठाकलेले रथ, ताणलेली धनुष्ये आणि या सर्वांच्या मागे बहुधा नुसता कोरा कागद. राजवाड्याचा थाट नाही, अरण्याची दाटी नाही. रसिक अशा चित्रापुढे क्षणभर थांबतो, रेषेच्या जोमाचे कौतुक करतो आणि पुढे जातो. ही जागा कोरी का, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. ती जागा भरून काढणारा माणूस एके काळी चित्राशेजारीच बसलेला असे. राजवाडा आणि अरण्य त्याच्या वाणीत होते.

हा माणूस म्हणजे चित्रकथी. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात येतो. महाराष्ट्रात ही परंपरा आज प्रामुख्याने टिकून आहे ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाच्या मोजक्या घरांत. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय या कलावंतांना लाभला होता. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या यांचे खेळही हीच मंडळी करीत आली. पोटासाठी एकाच कलेवर विसंबून राहण्याची चैन त्यांना कधीच परवडली नव्हती.

चित्रकथ्याची 'पोथी' म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की पान उलटायचे. रामायण-महाभारतातील आख्याने देवळाच्या सभामंडपात सांगायची. साथीला वीणा, टाळ आणि डमरूच्या जातीचे हुडूक हे वाद्य. मुख्य कथेकरी गाऊन एक प्रसंग उभा करतो, मग गद्यात उतरून त्याचा अर्थ सांगतो. साथीदार त्याचा सूर उचलून धरतात.

हे ऐकायला सोपे वाटते. परंतु चित्र एकच क्षण दाखवते आणि कथा तर पुढे धावत असते. या दोहोंचा मेळ घालणे, हेच खरे कसब. हरिश्चंद्र आणि तारामती समोरासमोर उभे असलेले चित्र कथेकऱ्याने पुढे धरले, तर त्या एका चित्रावर राज्यत्यागाचा निर्धार, पत्नीचा प्रश्न आणि मुलाची भूक एवढे सारे त्याला तोलून धरावे लागते. पान लवकर उलटले तर शोक अपुरा राहतो. उशीर झाला तर तोच कंटाळवाणा होतो. केव्हा उलटायचे हे पोथीत लिहिलेले नसते, ते समोरच्या चेहऱ्यांवर वाचावे लागते. म्हातारी माणसे डोळे पुसू लागली की त्याने थांबावे. मुले चुळबुळ करू लागली की हुडूक घुमवून युद्धाला हात घालावा. श्रोता हा त्याच्या कलेचा निम्मा भाग असतो.

या विद्येची शाळा नाही. मुलाने बापामागे बसून आधी टाळ धरायचा, मग सूर धरायचा आणि पुष्कळ काळानंतर एखादा प्रसंग सांगून पाहायचा. ज्या घरात बाप वर्षातून मोजक्याच वेळा कथेला बसतो, त्या घरातील मुलाने हे केव्हा आणि कोठे शिकावे? संस्थाने 1948 साली विलीन झाली, तसा राजाश्रय सरला. चित्रपट, रेडिओ आणि मागाहून आलेली दूरचित्रवाणी यांनी श्रोता नेला. मुलगा नोकरीच्या शोधात घराबाहेर पडला, यात त्याचा दोष नाही. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या मुलाला या व्यवसायात घालतील?

उलटा क्रम

सन्मान झाला नाही, असे मात्र नव्हे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. 2021 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. चित्रकथी शैलीतील चित्रांना आता प्रदर्शनांतून मागणी आहे; भिंतीवर आणि कापडावरही ती झळकतात. चार पैसे घरात येतात ही समाधानाचीच बाब होय.

परंतु येथेच एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जुन्या चित्रकथ्यांमध्ये जीर्ण झालेली पोथी पाण्यात विसर्जित करण्याची रीत होती. चित्र फाटले तर नवे काढता येई. सांगणे मात्र खंडू द्यायचे नाही, असा त्यांचा क्रम होता. आपण तो क्रम नेमका उलटा केला आहे. कागद आपण काचेआड ठेवला आणि वाणीला वाऱ्यावर सोडले. विकत घेतलेले चित्र दिवाणखान्यात मुके होऊन बसते, कारण ते घेणाऱ्याला त्याची कथा ठाऊक नसते आणि विचारावे असेही वाटत नाही.

बंगालचा पटुआ आपला पट उलगडताना गातो; राजस्थानचा भोपा पाबूजीच्या फडापुढे रात्र जागवतो. तेथेही चित्र विकणे सोपे आणि गाणे टिकवणे अवघड, हाच अनुभव आहे. तेव्हा दुखणे एकट्या पिंगुळीचे नाही. उपाय मात्र स्थानिकच असावे लागतील. संपूर्ण आख्यानांचे, मध्ये कात्री न लावता, ध्वनिचित्रमुद्रण व्हावे. महोत्सवात दहा मिनिटांचा 'नमुना' सादर करायला लावून कथा जगत नाही. तिला तिचा पुरता वेळ आणि पुरते मानधन मिळाले पाहिजे. कोकणातील शाळांनी वर्षातून एक दिवस चित्रकथ्याला बोलवावे, आणि तेही फुकट नव्हे. मुद्रणामुळे शब्द उरतील, पण पान केव्हा उलटायचे हे समोर बसलेल्या मुलांकडूनच कळेल.

श्रोते नसतील तर कथेकरी घडत नाही, इतका साधा हा हिशेब आहे. चित्रांना काचेची कपाटे मिळाली. कथेला हवी आहेत ती जमिनीवर मांडी घालून, घाई न करता बसलेली माणसे.