मंदावलेले ब्रॉडबँड : तारेवरील स्वयंचलित नियंत्रण व त्यावरील उपाय

महाभूलेखावरून सातबाराचा उतारा काढणे, महाडीबीटीवर ठिबक संचाच्या अनुदानासाठी अर्ज भरणे, ही कामे आता गावोगाव ब्रॉडबँडवरून होतात. अर्जाची मुदत संपत आली असता ब्रॉडबँड मंदावले, तर शेतकऱ्याचे होणारे नुकसान लहान नसते. अशा वेळी पुष्कळ मंडळी मोडेम बंद करून पुन्हा चालू करतात आणि वेग वाढला नाही तर पुनःपुन्हा तसेच करीत राहतात. तांब्याच्या तारेवरील जोडणीला हा उपाय बहुधा अपायकारक ठरतो. तो कसा व त्याऐवजी काय करावे, हे येथे सांगितले आहे.

जोडणी कोणती हे प्रथम पाहावे

भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी 2005 सालापासून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. आता पुष्कळ ठिकाणी फायबर आले आहे. 2011 साली मंजूर झालेल्या व आज भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंतही फायबर नेण्यात आले आहे. फायबरमधून प्रकाश वाहतो. त्यास विजेच्या गोंगाटाची बाधा होत नाही. मोडेमला टेलिफोनची दोन तारांची जोडी येत असेल, तरच पुढील विवेचन लागू पडते, हे ग्रामसेवकांनी ध्यानात ठेवावे.

वेग कमी होण्याचे कारण

ठाण्याच्या वागळे इस्टेटीचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत होय. कारखान्यांना लागूनच तेथे दाट लोकवस्ती आहे. अशा ठिकाणी वेल्डिंग यंत्रे व मोटारी यांचा विद्युत् गोंगाट जवळच्या टेलिफोन तारेत शिरू शकतो. पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत पाणी गेले म्हणजे दोष अधिक बळावतो. खेड्यात हेच काम विहिरीवरील पंपाचा स्टार्टर किंवा पिठाची गिरणी करते.

गोंगाटाने संकेत बिघडू नयेत म्हणून मोडेम काही अंतर राखीव ठेवतो. हे अंतर डेसिबलमध्ये मोजतात. सामान्यतः ते 6 डेसिबल असते. जोडणी वारंवार तुटू लागली, तर स्वयंचलित नियंत्रण असलेल्या जाळ्यात ती यंत्रणा तार अस्थिर आहे असे समजते आणि हे अंतर 9, 12 किंवा 15 डेसिबलपर्यंत वाढविते. ब्रिटनमधील तांब्याच्या जाळ्यावर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर अवलंबिली गेली. पाटाचा काठ वरचेवर फुटू लागला की पाटकरी पाणी कमी सोडतो, तसाच हा प्रकार आहे. पाणी कमी मिळते, पण काठ टिकतो.

या सुरक्षिततेची किंमत किती पडते, हे हिशेबाने कळेल. तारेवरील संकेत अनेक अरुंद पट्ट्यांत विभागलेले असतात. त्यांपैकी 400 पट्ट्या उपयोगात आहेत असे धरू. प्रत्येक पट्टीतून सेकंदाला सुमारे 4000 संकेत जातात. राखीव अंतर 3 डेसिबलने वाढले म्हणजे दर संकेतामागे सुमारे 1 बिट कमी होतो. यावरून सेकंदाला 16 लाख बिटांची, म्हणजे 1.6 मेगाबिटची घट येते. अंतर 6 वरून 12 डेसिबलवर गेल्यास ही घट दुप्पट होते.

मोडेम वारंवार बंद-चालू केल्यास यंत्रणेला दिसते ते एवढेच की जोडणी पुन्हा तुटली. वीज जाताच काही मोडेम शेवटची खूण एक्स्चेंजकडे पाठवितात, त्यामुळे असे बंद पडणे वेगळे ओळखता येते. परंतु सर्वच मोडेम तसे करीत नाहीत. म्हणून घाईने केलेला उपाय वेग आणखी खाली आणू शकतो.

तपासणीचा क्रम

1. संगणक केबलने थेट मोडेमला जोडून वेग मोजावा. केबलवर वेग ठीक असेल, तर दोष वाय-फायमध्ये आहे, तारेत नाही.

2. मोडेमच्या माहितीच्या पानावर जोडणीचा वेग, राखीव अंतर म्हणजे एस.एन.आर. मार्जिन, आणि जोडणी किती वेळ अखंड आहे, हे आकडे पाहावेत. सकाळ, दुपार व रात्र असे तीन वेळा ते आठवडाभर वहीत लिहावेत. जोडणी रोज ठराविक वेळी तुटत असेल, तर त्या वेळी जवळपास कोणते यंत्र चालू होते ते पाहावे.

3. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून एक आकडा दाबावा. त्यानंतरच्या शांततेत खरखर ऐकू आल्यास तार किंवा सांधा सदोष आहे असे समजावे.

4. घरातील जादा तारा व इतर टेलिफोन काढून, बाहेरची तार जेथे घरात येते तेथील पहिल्या डबीलाच मोडेम जोडावा. तेथे दोष नाहीसा झाला, तर तो घरातील तारेत होता हे उघड आहे. पुढे प्रत्येक टेलिफोनला स्प्लिटर किंवा फिल्टर अवश्य बसवावा.

5. ट्रान्झिस्टर रेडिओ मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून घरात फिरवावा. ब्रॉडबँडचे संकेत मध्यम लहरींच्याच पट्ट्यातून जातात. त्यामुळे ज्या उपकरणाजवळ रेडिओची खरखर वाढते, ते उपकरण संशयित होय. ते बंद करून खात्री करून घ्यावी व मोडेमपासून दूर न्यावे.

दोष काढल्यानंतर

येथेच धीर धरावा लागतो. दोष गेला तरी यंत्रणा लगेच वेग वाढवीत नाही. तार काही दिवस स्थिर राहिल्याची खात्री पटल्यावरच ती राखीव अंतर हळूहळू कमी करते. म्हणून मोडेम रात्रंदिवस चालू ठेवावा. जेथे वीज वरचेवर जाते, तेथे त्यास लहान बॅटरीसंच जोडावा.

दोन आठवड्यांत सुधारणा न झाल्यास एक्स्चेंजकडे तक्रार करावी व वहीतील आकडे दाखवावेत. नुसते “नेट मंद आहे” असे न सांगता, “तारेतील दोष दुरुस्त झाला आहे, परंतु राखीव अंतर अजून 12 डेसिबल आहे, ते पूर्ववत् करावे,” असे स्पष्ट लिहावे. बाहेरची तार सदोष असेल, तर आधी तिची दुरुस्ती मागावी; तसे न करता अंतर कमी करून घेतल्यास जोडणी पुन्हा तुटू लागेल. गावात फायबर उपलब्ध असल्यास ते घेणे हाच कायमचा उपाय होय.

ग्रामसेवकांनी ही माहिती शेतकरी बंधूंना समजावून द्यावी आणि अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवता मुदतीपूर्वीच भरावेत, असा आग्रह धरावा. मंदावलेल्या तारेवरही अर्ज पूर्ण होतो. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो.