सॉफ्टवेअरचाही सातबारा पाहावा

जमीन घेताना सातबाऱ्यावरील मालकाच्या नावावर न थांबता ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचावा, ही शिकवण व्यापारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कुळाचा हक्क असो वा बँकेचा बोजा, त्याची नोंद तेथेच सापडते. विकणारा कितीही सज्जन असला, तरी जो हक्क त्याचा नाही तो त्याला देता येत नाही. ब्रह्मपुरी-वडसा परिसरातील आपल्या पेढ्या आणि राईस मिल यांचा हिशेब, साठा व बिले आता संगणकावर आली आहेत. परंतु परदेशी व्यापाऱ्याशी भागीदारी ठरवताना या सॉफ्टवेअरचे ‘इतर हक्क’ क्वचितच कोणी तपासतो.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. जानेवारी २०१८ मध्ये तिने ट्रान्सअमेरिका या अमेरिकी विमा कंपनीशी दोन अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. पॉलिसींचे कामकाज टीसीएसने सांभाळायचे आणि ट्रान्सअमेरिकेचे सुमारे २,२०० कर्मचारी तिच्याकडे यायचे, असे ठरले. मात्र ते कर्मचारी ज्या सॉफ्टवेअरवर काम करीत, त्यातील काही कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या तिसऱ्याच कंपनीच्या मालकीचे होते. ट्रान्सअमेरिकेकडे केवळ वापराचा परवाना होता. आपल्या सॉफ्टवेअरची व्यापारी गुपिते टीसीएसने स्वतःची प्रणाली घडवण्यासाठी वापरली, असा दावा या कंपनीने २०१९ मध्ये डॅलस येथे दाखल केला. टीसीएसने आरोप नाकारला. तथापि जून २०२४ मध्ये न्यायालयाने भरपाई, दंडात्मक रक्कम आणि व्याज मिळून सुमारे १९.४ कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. टीसीएसने त्याविरुद्ध अपिलाचा मार्ग धरला. करार दोघांचा होता. दावा मात्र तिसऱ्याने लावला.

आपल्याकडील कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणालीची गणना साहित्यकृतींमध्ये होते. वापराचा परवाना म्हणजे कॉपीराइटची मालकी नव्हे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी, परदेशी सॉफ्टवेअरवरील कराच्या प्रकरणात, अधोरेखित केला. त्याच कायद्यातील दोन तरतुदी निर्यातदाराने विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हक्कांचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशीच व्हावे लागते. दुसरी, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता, असे मानले जाते.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका राईस मिलने नागपूरच्या स्वतंत्र प्रोग्रामरकडून साठ्याची प्रणाली करून घेतली आणि पूर्ण मोबदला दिला. तो पगारी नोकर नसल्याने, लेखी हस्तांतर नसेल तर त्या प्रणालीची मालकी सामान्यतः त्याच्याकडेच राहते. पुढे मिलमालकाने दुबईच्या भागीदारास ती वापरावयास दिली, तर जो हक्क आपल्याकडे नाही तोच त्याने देऊ केला असे होईल.

निर्मात्याचा वाटा विसरला जाणे आपल्या भागाला नवे नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी ‘एचएमटी’ हे भाताचे वाण निवडीतून घडवले. ते दूरवर पसरले, व्यापारातही रुळले. परंतु २०१८ मध्ये निधन होईपर्यंत दादाजींची आर्थिक विवंचना सरली नाही. ज्याचे श्रम, त्याचा हक्क कागदावर आला पाहिजे.

म्हणून परदेशी करारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची यादी करून त्याचा मालक, परवान्याचा कागद आणि संपण्याची तारीख नोंदवावी.

२. परवाना किती जणांना, कोणत्या देशात आणि कोणत्या कामासाठी आहे, ते वाचावे. भागीदार व त्याचे नोकर त्यात बसतात का, हे विशेषत्वाने पाहावे.

३. परवाना दुसऱ्यास देता येत नसेल, तर मूळ मालकाची लेखी संमती घ्यावी.

४. प्रोग्रामरकडून करून घेतलेल्या प्रणालीचे हस्तांतरपत्र प्रदेश व मुदतीसह करावे. त्याने मुक्त स्रोत प्रणालीचे भाग वापरले असतील, तर त्यांच्या अटीही विचाराव्यात. विनामूल्य म्हणजे विनाअट नव्हे.

५. भागीदार आपणास सॉफ्टवेअर देत असेल, तर ते देण्याचा हक्क आपल्याकडे असल्याची हमी, तसेच तिसऱ्याने दावा केल्यास भरपाईची जबाबदारी, त्याच्याकडून करारात लिहून घ्यावी.

बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा आपल्या देशात फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ही सारी तपासणी जाणकार वकिलाकडून करून घेण्यास फारतर काही दिवस लागतील. समोरचा पक्ष तेवढाही अवधी देण्यास तयार नसेल, तर त्या घाईचे कारण त्यास आधी विचारावे.