पर्जन्यछायेतला प्रकाश

लातूरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. नांदेडपासून तर साडेचारशेच्या पुढे. त्यामुळे पाण्याकाठचे फोटो म्हटले की इकडच्या हौशी छायाचित्रकाराला दिवाळीच्या सुट्टीतले कोकण आठवते: निरभ्र आकाश, निळे पाणी आणि गणपतीपुळ्याला प्रत्येकाने काढलेला तोच एक फोटो. पण बदलत्या हवेतले पाणी टिपायचे असेल, तर नांदेडजवळचा विष्णुपुरीचा जलाशय भर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यापेक्षा बरेचदा उजवा ठरतो. हा प्रादेशिक अभिमान नव्हे, प्रकाशाचे गणित आहे. संथ पाण्यावर उभा पडलेला प्रकाश जेमतेम दोन टक्के परावर्तित होतो. काठावरून दूर पाहताना मात्र नजर पृष्ठभागाला जवळजवळ समांतर जाते आणि त्या तिरप्या कोनात निम्म्याहून अधिक प्रकाश परत फिरतो. म्हणून पायाशी तळाचा गाळ दिसतो, पलीकडे आभाळ. पाण्याचा फोटो हा बराचसा आभाळाचाच फोटो असतो.

आता आभाळ कुठले चांगले, ते पाहू. जुलैत सह्याद्रीला अडणारे वारे कोकणावर ढगांचे झाकणच घालून ठेवतात. दिवसचे दिवस ऊन नाही, सावली नाही. समुद्र आणि आकाश एकाच करड्या रंगात मिसळतात. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, कोरडी होते. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लातूरला सातशे-आठशे. हीच पर्जन्यछाया मराठवाड्याचे आभाळ फाटके ठेवते. भर उन्हात प्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो, दाट काळ्या ढगाखाली तो हजाराच्याही खाली येतो. उघडीप पडते तेव्हा ही दोन्ही टोके एकाच चौकटीत येतात: मागे काळा ढग, पुढे उजळलेला पाण्याचा पट्टा. त्यात वळवाचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावरच येतो. इंद्रधनुष्याची कमान सूर्याच्या विरुद्ध बिंदूभोवती ४२ अंशांवर असते, म्हणून सूर्य त्याहून वर असेपर्यंत ती क्षितिजावर येतच नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नांदेडला सूर्य पावणेचारच्या सुमारास ४२ अंशांखाली उतरतो. पावसाची सर पूर्वेला सरकलेली आणि पश्चिम मोकळी असेल, तर पुढचे दोन-तीन तास आपलेच. (अर्थात हे फाटके आभाळ पेरणी करून बसलेल्या माणसाला नको असते, हे विसरून चालणार नाही.)

समुद्राला लाटा आहेत, भरती-ओहोटी आहे. धरणाच्या पाण्यात काय आहे, असे कोणी म्हणेल. लाटांचे मान्य. पण समुद्र आरशासारखा क्वचितच होतो. वारा पडला की जलाशय सहज होतो. ओहोटीही आहे, फक्त ती महिनोन्‌महिने चालते: पावसाळ्यानंतर पाणी मागे सरत जाते आणि उताराच्या काठावर ओल्या गाळाचा रुंद, चकचकीत पट्टा उघडा पडतो. खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे प्रतिबिंबांच्या गप्पा कशाला? याला सोयीचे उत्तर नाही. त्या उन्हाळ्यात जे फोटो निघाले ते भेगाळलेल्या जमिनीचे आणि तेच निघायला हवे होते. माझे म्हणणे पाणी असते त्या महिन्यांपुरते आहे.

विजेचा आक्षेप मात्र पुरता खरा आहे. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. मोकळ्या काठावर ट्रायपॉड लावून उभा असलेला माणूस आयते लक्ष्य ठरतो. गडगडाट ऐकू येतो तोवर वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. तेव्हा कॅमेरा गुंडाळायचा आणि पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसायचे. यात फोटो हुकतो असेही नाही. बारा किलोमीटर उंचीचा ढग डोक्यावर असताना नुसते काळे छत दिसते. तोच चाळीस किलोमीटरवर असेल, तर क्षितिजापासून सुमारे १७ अंश उंच, ऐरणीसारख्या माथ्यासकट अख्खा चौकटीत मावतो. वादळाचा फोटो दुरूनच चांगला येतो.

मोबाईल सगळे आपोआप करतो, मग एवढा खटाटोप कशाला, हा शेवटचा प्रश्न. दोन टोकांचा प्रकाश एका चित्रात बसवण्याची ही युक्ती जुनीच आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून चित्रे छापली, कारण तेव्हाच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या की आकाश पांढरेफटक येई. मोबाईलचा एचडीआरही वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडतो, फक्त आपल्याला न विचारता: काळा ढग उजळतो, उजेडाचा पट्टा दाबतो आणि ज्या फरकासाठी आपण तिथे गेलो तोच पुसून टाकतो. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असला तर ढगाखालची निळसर छटाही जाते. म्हणून तो ‘डेलाइट’वर ठेवावा, एचडीआर बंद करावा आणि पडद्यावर उजळ भागाला बोट लावून एक्स्पोजर थोडे कमी करावे. लेन्सवर पोलरायझर असेल तर तो हळूहळू फिरवून पाहावा. इंद्रधनुष्याचा प्रकाश ध्रुवीभूत असतो. एका स्थितीत रंग गडद होतात आणि फिल्टर तिथून नव्वद अंश फिरला की कमानीचा तो भाग दिसेनासा होतो.