सिलोनची पायदानं आणि नाशिकची पदं

साठच्या दशकात नाशिकला स्वतःचं आकाशवाणी केंद्र नव्हतं. बुधवारी रात्री आठ वाजता घरोघरी काटा शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळायचा. आवाज मध्येच दूर जायचा, खरखरीत बुडायचा, पुन्हा वर यायचा. तेवढ्यात एखाद्या गाण्याच्या पायदानाचा, म्हणजे क्रमाचा, आकडा निसटला, की दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारणं आलंच.

सिलोनकडे वळण्याचं मूळ १९५२ सालात आहे. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला लगाम घातला आणि त्याच वर्षी सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत बोलत, टेप विमानाने कोलंबोला जाई. म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरवरच्या मुंबईचं गाणं नाशिकला समुद्रापलीकडून ऐकू येई! रेकॉर्डविक्रेत्यांकडची मागणी आणि श्रोतासंघांची पसंती यांवरून क्रम ठरे.

वर्षअखेरची सरताज, म्हणजे पहिल्या क्रमांकाची, गाणी पाहा. १९६६ला 'सूरज'मधलं रफींचं गाणं, संगीत शंकर-जयकिशन यांचं. ते आजही लग्नाच्या बँडवर वाजतं. पुढे १९६७ला 'मिलन', १९६८ला 'शागिर्द', १९६९ला 'इंतकाम'. तिन्ही लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि तिन्ही गाण्यांत लताबाई. सत्तापालट याहून स्पष्ट कुठे दिसणार? १९६९मध्येच 'आराधना' आला, किशोरकुमारचं युग उघडलं. त्या वर्षीच्या सरताज गाण्यात मात्र त्याचा मागमूस नाही. यादी वाऱ्यामागून चालते, हे मला तिथे पटतं.

तुलनेसाठी पाहा: अमेरिकेत 'बिलबोर्ड'ची शंभर गाण्यांची यादी १९५८पासून निघत होती. १९६८मध्ये बीटल्सचं 'हे ज्यूड' तिथे नऊ आठवडे पहिलं राहिलं. पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवरचं ते सुटं गाणं. त्याला सिनेमाचा टेकू लागला नाही. गीतमालेत सिनेमाशिवाय प्रवेश नव्हता.

म्हणूनच खुद्द नाशिकमध्ये लिहिली गेलेली गाणी त्या पायदानांवर कधी चढली नाहीत. प्राध्यापक वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' हे नाटक १९६४चं, पदंही त्यांचीच. वि. वा. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' १९६६चं. दोन्ही नाटकं गोवा हिंदू असोसिएशनची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. अभिषेकींनी पद आटोपशीर केलं. नट तानांत रमला आणि नाटक खोळंबलं, असं होईना. शब्द ऐकू येऊ लागले, आणि एवढंसं पद तबकडीत नि रेडिओवरही चपखल बसलं. 'मत्स्यगंधा'तलं रामदास कामत आणि आशालता यांचं 'गुंतता हृदय हे' ऐका. राग आहे, ताना आहेत, तरी पराशर आणि सत्यवतीचा संवाद कुठे थांबत नाही.

या पदांची मोजदाद थिएटरातल्या वन्समोअरने होई. त्या दशकाच्या लोकप्रिय गाण्यांचा आढावा केवळ गीतमालेवरून घेणं मला मान्य नाही. 'सूरज'च्या शेजारी 'मत्स्यगंधा' मांडलंच पाहिजे. मराठी घरांत दोन्हींतली गाणी एकाच रेडिओतून येत होती.